आई अंघोळीला ओरडते, आणि मुलगी तक्रार करायला घाबरते

"तक्रार केली तर राग आईवरच काढतील, म्हणून गप्प बसलेय." आई-वडील वृद्धाश्रमात किंवा केअर सेंटरमध्ये असलेली मुलं हे मला सतत सांगतात. या ताईंचंही तेच होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) आई 82 वर्षांच्या, खुब्याच्या ऑपरेशननंतर अंथरुणाला खिळलेल्या. अंघोळीच्या वेळी ओरडायच्या, मावशींचा हात झटकायच्या. सेंटरवाले म्हणत होते, भ्रमिष्टपणा वाढलाय, शांत राहायची गोळी सुरू करू.

मी म्हटलं, गोळीचं डॉक्टर बघतील. आधी अंघोळ कशी घालतात ते बघून या.

चार खाटांची खोली, दार सताड उघडं, पडदा नाही. जन्मभर डोक्यावरचा पदर ढळू न दिलेल्या बाईंची मॅक्सी काढून त्यांना तसंच उघड्यावर पुसत होते, आणि कुशीवर वळवायला वॉर्डबॉय. वर "आजी, शी झाली का?" हे अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात. मला विचाराल तर अशा वेळी न ओरडणाऱ्याचीच जास्त काळजी वाटावी. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसालाही लाज असतेच.

आईंना विचारलं, तर एवढंच म्हणाल्या, "त्या पोराला बाहेर थांबव."

"हा आपला हक्क आहे, की लाड?" ताईंनी विचारलं. हक्कच. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 2017 मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरवलाय. पण निकाल सिस्टरच्या तोंडावर फेकून काम होत नाही. सकाळच्या पाळीला एकच मावशी असते, हे खरं दुखणं. म्हणून ताईंनी तक्रारीऐवजी लेखी विनंती दिली आणि ती आईंच्या फाइलला लावून घेतली: दुसऱ्या मावशी आल्यावरच अंघोळ, मग उशीर झाला तरी चालेल, खाटेला घडीचा पडदा, अंगावर टॉवेल ठेवून एकेक हात-पाय उघडायचा, पुसला की झाकायचा, लघवीची पिशवी दिसेल असे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर नकोत. एवढं करूनही कुणी ऐकलं नाही, तर ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइन आहे.

पडदा आला, गोळी लांबली. ताईंची धास्ती मात्र जाईना. "खोलीत कॅमेरा लावू का?" म्हणाल्या. मी म्हटलं, तेही आईंनाच विचारा, आणि शेजारच्या तीन खाटांनाही. आईंनी साफ नाही म्हटलं. आता ताई न कळवता, वेगवेगळ्या वेळी जातात.