उताराच्या जागेवर घर बांधायचं तर आधी जमीन सपाट करून घ्यावी का?

तुमची जागा कोकणात देवरुखच्या बाजूला 11 गुंठे, रस्ता वरच्या अंगाला, तिथून खाली 28 मीटरमध्ये साधारण 4.2 मीटरचा उतार. आईचे गुडघे दुखतात, पायऱ्या नकोत, म्हणून जेसीबी लावून सगळी जागा सपाट करायची आणि मधोमध एकमजली घर बांधायचं असं घरात ठरतंय. ते बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत स्पष्ट आहे, सपाट करू नका. आणि तेही आईसाठीच करू नका.

जरा हिशेब मांडून बघा. जागा सपाट करायची म्हणजे वरची माती काढून खाली टाकायची. दोन्हीकडची माती सारखी बसवायची तर रस्त्याच्या कडेला 2.1 मीटर खोल कापावं लागेल आणि खालच्या बांधाला तेवढाच भराव पडेल. म्हणजे तुमचं अंगण रस्त्यापेक्षा 2.1 मीटर खाली गेलं. एका पायरीला 15 सेंटीमीटर धरले तर आईला रोज 14 पायऱ्या उतरायच्या आणि 14 चढायच्या. आज तिथे एकही पायरी नाहीये! उतार जसा आहे तसा ठेवलात तर रस्त्यावरून सरळ घरात जाता येईल.

मी इंजिनिअर नाही. त्याच तालुक्यात सात वर्षांपूर्वी उतारावर घर बांधलं आणि एक चूक महागात पडली, ती सांगतो. आमच्या घराचं अर्धं जोतं कापलेल्या पक्क्या जमिनीवर आलं आणि अर्धं भरावावर. भराव थराथराने पाणी मारून धुमस केला होता, एक पावसाळा खाऊनही झाला होता, म्हणून ठेकेदार म्हणाला आता बसला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पडवीच्या कोपऱ्यातून माजघराच्या भिंतीपर्यंत तिरकी चीर गेली. सुरुवातीला केसाएवढी होती, दिवाळीला तीत एक रुपयाचं नाणं उभं राहायला लागलं. पक्की बाजू जागची हलली नाही, भरावाची बाजू खाली बसली, आणि मधे भिंत फाटली. त्यामुळे एवढं पक्कं लक्षात ठेवा: पाया सगळीकडे मूळ जमिनीत गेला पाहिजे. भरावावर बाग करा, फुलझाडं लावा, भिंत चढवू नका.

आता मांडणी. घराची लांब बाजू उताराला आडवी ठेवा, म्हणजे रस्त्याला समांतर. घर उताराच्या दिशेने 12 मीटर खोल केलंत तर पुढच्या आणि मागच्या भिंतीत 1.8 मीटरचा फरक पडतो. 8 मीटरच ठेवलंत तर 1.2 वर येतो. तोही दोन टप्प्यांत वाटून घ्या. रस्त्यापासून किती अंतर सोडायचं ते ग्रामपंचायतीत विचारा, हिशेबाला मी 3 मीटर धरतो. पुढचा 4 मीटरचा पट्टा रस्त्याच्या पातळीला: ओटी, स्वयंपाकघर, आईची खोली आणि तिला लागूनच न्हाणीघर-संडास. मागचा 4 मीटरचा पट्टा 60 सेंटीमीटर खाली, म्हणजे फक्त 4 पायऱ्या: तुमच्या आणि मुलांच्या खोल्या. असं केलं तर जोतं पुढे 45 सेंटीमीटरचं, मागे मीटरभर, आणि कापाकापी पायापुरतीच. आपल्याकडची जुनी घरं बघा, पडवी खाली, ओटी तिच्या वर, माजघर आणखी एक पायरी वर. ती काय उगाच तशी नव्हती.

रस्ता आणि दार यांच्या मधल्या त्या 3 मीटरवर भराव टाकू नका. तिथे साकव घाला. ओढ्यावर असतो तसाच, स्लॅबचा, सपाट, एका बाजूला धरायला कठडा. आमच्या शेजारच्या काकूंकडे असा आहे. आषाढात रस्त्याचं लाल पाणी त्याच्या खालून गटारात घों घों करत जातं आणि काकू वर साकवावर खुर्ची टाकून वालाच्या शेंगा सोलत बसतात. उंबऱ्याला पाणी शिवत नाही.

कारण खरा मुद्दा पाण्याचाच आहे. आपल्याकडे दिवसाला 100 मिलिमीटर पाऊस ही नवलाची गोष्ट नाही. तुमच्या 11 गुंठ्यांवर तेवढ्या पावसाचं पाणी होतं 1 लाख 11 हजार लिटर, शिवाय वरच्या जमिनीतून येईल ते वेगळं. त्याला वाट हवी. घराच्या वरच्या अंगाला आडवा चर काढा, दोन्ही बाजूंनी वळवून खालच्या पऱ्यात, म्हणजे ओहोळात सोडा. शेजाऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगड रचून केलेल्या बांधावर सोडू नका, त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालतात.

खाली कुठे आधाराची भिंत लागलीच तर चिऱ्याचा सुका गडगा पुष्कळदा काँक्रीटपेक्षा बरा, फटींतून पाणी निघून जातं. काँक्रीट केलंत तर भिंतीमागे खडीचा थर आणि पाणी निघायला पाईप हवेतच. 2 मीटर उंच भिंतीमागे पाणी तुंबलं तर दर मीटर लांबीला नुसत्या पाण्याचा रेटा 2 टन होतो, मातीचा त्यावर आणखी. दीड मीटरपेक्षा उंच भिंत स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय बांधू नका. गवंडी कितीही जाणता असो.

आणि हेही बोलायलाच हवं. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली. प्रत्येक दरड काही जेसीबीमुळे येत नाही. पण उताराचा पायथा कापला की वरच्या मातीचा आधार जातो हे खरं. जांभ्या दगडाखाली बऱ्याच ठिकाणी पांढरट चिकट माती असते, ती भिजली की निसरडी होते. तुमच्या जागेच्या वर चढून बघा. झाडं एका बाजूला कलली आहेत का, जमिनीला भेगा आहेत का, नव्याने कुठे पाझर फुटलाय का? यातलं काही दिसलं तर आधी भूगर्भाच्या जाणकाराला दाखवा, नकाशा नंतर.

सेप्टिक टँक घराच्या खालच्या अंगाला, विहिरीपासून निदान 15 मीटर दूर, आणि विहिरीच्या वर कधीच नको. पाण्याची टाकी वरच्या कोपऱ्यात. मागची बाजू पश्चिमेला असेल तर तिथे रुंद पडवी हवीच, पाऊस तिकडूनच आडवा झोडपतो.

नकाशा काढायच्या आधी सर्व्हेअरकडून उंचीच्या अर्ध्या मीटरच्या अंतराने कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढून घ्या. तोवर तुम्हीसुद्धा मोजू शकता. गवंड्याची पारदर्शक नळी पाण्याने भरायची, एकाने रस्त्यापाशी धरायची, दुसऱ्याने खाली काठीला लावून पाणी थांबेल तिथे खूण करायची. नळीत बुडबुडा राहू देऊ नका. दर 4 मीटरला एक खूण केलीत की उतार सगळीकडे सारखा आहे की मधे कुठे टप्पा आहे ते कळेल, आणि टप्पा असेल तर घर तिथेच बसतं. ते आकडे इथे टाका, मी बघून सांगतो.