नोकरी सोडून पीएचडी? आधी आठ महिने थांबा

प्रश्न : वय ३३, कंपनी सेक्रेटरी आणि एमबीए. चाकणच्या कंपनीत चार वर्षं चार महिने झाले. बेसिक ५० हजार, हातात ९२ हजार. नवऱ्याच्या हातात ७० हजार, घराचा हप्ता ३८ हजार, मुलगी पहिलीत. कंपनी कायद्यात पूर्णवेळ पीएचडी आणि सोबत एलएलबी करून शिकवायचं आहे. राजीनामा देऊ का?

उत्तर : द्या, पण या वर्षी नको.

पहिलं कारण अगदी साधं आहे. पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी मिळते. तुमच्या बेसिकवर ती सुमारे १ लाख ४४ हजार होते. आठ महिन्यांसाठी ती कशाला सोडायची?

दुसरं, एलएलबीचं डोक्यातून काढा. नियमित एलएलबीसोबत दुसरी नियमित पदवी करायला बार कौन्सिलचे २००८ चे नियम आड येतात. यूजीसीने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली, पण पीएचडी त्यातून वगळलीय. शिवाय सीओपी (स्वतंत्र व्यवसायाचा परवाना) घेतलेल्या कंपनी सेक्रेटरीला कंपनी कायद्याच्या कलम ४३२ नुसार एनसीएलटीपुढे, म्हणजे कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे, आजही बाजू मांडता येते. काळा कोट हवाच असेल तर गोष्ट वेगळी!

आता पीएचडी. तुम्ही पत्रात फीबद्दल तीनदा विचारलंय, पण फी यात किरकोळ आहे. नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप, म्हणजे जेआरएफ, मिळाली असं धरू : पहिली दोन वर्षं दरमहा ३७ हजार, पुढची तीन वर्षं ४२ हजार, म्हणजे पाच वर्षांत २४ लाख आणि वर घरभाडे भत्ता. नोकरीत राहिलात तर एकही पगारवाढ न धरता ५५ लाख २० हजार. फरक ३१ लाखांचा, आणि त्यात पीएफ धरलेलाच नाही. हप्ता गेल्यावर आज घरात १ लाख २४ हजार उरतात, तेव्हा ६९ हजार उरतील. तेही वेळेवर आले तर. माझ्याकडे येणाऱ्या एका संशोधकाची फेलोशिप चार महिने रखडली होती. त्याच्या घराचे हप्ते बहिणीने भरले. जेआरएफशिवाय पूर्णवेळ पीएचडी करायची असेल, तर माझं उत्तर सरळ 'नाही'.

जेआरएफची वयोमर्यादा ३० असली तरी महिलांना पाच वर्षांची सवलत आहे. नेट जून आणि डिसेंबरमध्ये होते, म्हणजे तुमच्या हातात मोजून तीन-चार संधी आहेत. पहिली नोकरीत राहूनच द्या. जेआरएफ न मिळता नुसती नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) निघाली तरी असिस्टंट प्रोफेसरच्या पदासाठी अर्ज करता येतो. त्याआधी एखाद्या एमबीए कॉलेजात शनिवारी व्हिजिटिंगचे तास घेऊन बघा. साठ पेपर तपासल्यावरही शिकवावंसं वाटतंय का, ते सहा महिन्यांत कळेल.

जेआरएफ नाही मिळाली तर अर्धवेळ पीएचडी करा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार ती चालते, पण कंपनीचं ना-हरकत पत्र लागतं. गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (पीएचडीतल्या वर्गांसाठी) मोकळीक देऊ, असंही कंपनीला त्यात लिहून द्यावं लागतं. एचआरचं घोडं बहुधा तिथेच अडतं, म्हणून आधी साहेबांशी बोला, अर्ज मागाहून.

आणि जेव्हा केव्हा राजीनामा द्याल, त्याच्या दोन महिने आधी तिघांचा स्वतंत्र मेडिक्लेम काढा. कंपनीचा तुमच्या शेवटच्या दिवसाबरोबर संपतो.