चोरीच्या मालाची ‘किंमत’, ‘मूल्य’ की ‘बाजारभाव’?

कॅलिफोर्नियातील एका चोरीच्या खटल्याची कागदपत्रे मराठीत आणणाऱ्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, ‘फेअर मार्केट व्हॅल्यू’ला, म्हणजे वस्तूला बाजारात मिळू शकणाऱ्या रकमेला, ‘बाजारभाव’ म्हणावे का, आणि ‘फेलनी थेफ्ट’ला, म्हणजे गंभीर गुन्ह्यात मोडणाऱ्या चोरीला, ‘जबरी चोरी’ म्हटल्यास चालेल का.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते छोटे आहे: चालणार नाही. ‘जबरी चोरी’ हा शब्द मराठी कायदेभाषेत ‘रॉबरी’साठी रूढ असून त्यात बळाचा किंवा धाकाचा वापर गृहीत आहे, तर कॅलिफोर्नियात चोरी ‘फेलनी’ ठरते ती मुख्यतः मालाच्या मूल्यावरून; चोराने कुणाला हातही लावलेला नसतो. तेथे साधारणपणे 950 डॉलरपेक्षा अधिक मूल्याची चोरी ‘ग्रँड थेफ्ट’मध्ये, म्हणजे मोठ्या चोरीत मोडते, त्याखालची ‘पेटी थेफ्ट’, म्हणजे किरकोळ चोरी ठरते. मी ‘फेलनी’ हा शब्द तसाच ठेवून पहिल्या उल्लेखापाशी ‘गंभीर वर्गातील गुन्हा’ असा खुलासा करीन.

आता मुख्य प्रश्न. मराठीत ‘भाव’ हा मुळात परिमाणाचा शब्द आहे. सोन्याचा भाव तोळ्यावर असतो, कांद्याचा क्विंटलवर. पण त्याच सोन्याच्या अंगठीची मात्र आपण ‘किंमत’ विचारतो. त्यामुळे दोन वर्षे वापरलेल्या एखाद्या फोनचा ‘बाजारभाव’ हे कानाला खटकते. याला एक मोठा अपवाद आपल्याकडील दस्तनोंदणीचा आहे. तेथील सूची क्रमांक 2 मध्ये, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यात, ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन रकाने शेजारी शेजारी असतात. पहिल्यात प्रत्यक्ष ठरलेली रक्कम आणि दुसऱ्यात त्या मालमत्तेचे बाजारातले मूल्य. शब्द कोणताही घेतला, तरी अनुवादात नेमका हाच भेद टिकायला हवा.

कारण न्यायालयाला मालकाने मोजलेली रक्कम नको असते. चोरी झाली त्या वेळी आणि त्या ठिकाणी, इच्छुक विक्रेत्याला इच्छुक ग्राहकाकडून त्या वस्तूचे किती पैसे मिळाले असते, हे सरकारी पक्षाला वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावे लागते. 1,100 डॉलरला घेतलेल्या लॅपटॉपची पावती दाखवली म्हणून 950 ची रेषा ओलांडली असे होत नाही, कारण वापराने तो उतरलेला असतो. उलट दुकानाच्या फळीवरून नवा माल उचलला असेल तर त्याची किरकोळ विक्रीची किंमतच सहसा प्रमाण मानतात. वस्तूचे मूल्य किती यावर मालकालाही साक्ष देता येते, मात्र आजोबांच्या घड्याळाचे त्याच्या लेखी असलेले ‘मोल’ येथे हिशेबात धरले जात नाही. न्यूयॉर्कच्या कायद्यात तर बाजारमूल्य समाधानकारकरीत्या ठरवता येत नसेल, तेव्हा तशी दुसरी वस्तू घेण्याचा खर्च धरण्याची सोय आहे.

तेव्हा माझी शिफारस अशी: संज्ञा म्हणून ‘वाजवी बाजारमूल्य’, मालकाने दिलेल्या रकमेसाठी ‘खरेदी किंमत’, आणि ‘मोल’ फक्त भावनेच्या संदर्भात. ‘मूल्य’ म्हटले की ‘नीतिमूल्ये’ आठवतात ही तक्रार मला ठाऊक आहे, पण ‘बाजार’ पुढे जोडल्यावर ती शंका उरत नाही. ‘ऐवज’ मात्र टाळावा. ‘अमुक लाखांचा ऐवज लंपास’ ही वृत्तपत्री सवय आहे आणि त्यातला आकडा बहुधा फिर्यादीने सांगितलेला असतो.

रेषेच्या अलीकडे-पलीकडे मूल्य ढकलण्याचा इतिहासही जुना आहे. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये राहत्या घरातून 40 शिलिंगांची चोरी केल्यास फाशी होती, म्हणून ज्यूरीतील दयाळू पंच पुष्कळदा माल 39 शिलिंगांचाच ठरवीत. त्या काळचे इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टोन यांनी या प्रकाराला ‘पुण्यशील खोटी शपथ’ अशा अर्थाचे नाव दिले.

हा शब्दभेद आता आपल्याकडेही कामाचा झाला आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये, चोरीच्या मालाचे मूल्य 5,000 रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याचे मूल्य परत केले असेल, तर समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. पंचनाम्यात ‘अंदाजे किंमत’ असे लिहिताना ती खरेदीची की आजची, हे यापुढे स्पष्ट लिहावे लागेल.