उपकरणं स्टरिलाइझ करणं आणि सॅनिटाइझ करणं, एकच ना?

नाही, एकच नाही. स्टरिलाइझ केलं म्हणजे त्यावर एकही जिवंत जंतू उरायला नको, बॅक्टेरियाचे स्पोअरसुद्धा (म्हणजे जाड कवचातलं त्यांचं सुप्त, चिवट रूप) नकोत, आणि सॅनिटाइझ म्हणजे जंतू धोका राहणार नाही इतके कमी करायचे, शून्य नाही. लॅबमध्ये रोज ऑटोक्लेव्ह लावतो म्हणून सांगतो, सगळी भानगड त्या स्पोअरची आहे. उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंशाच्या वर जात नाही आणि काही स्पोअर त्यात तासन्‌तास तग धरतात, म्हणून ऑटोक्लेव्हमध्ये प्रेशर वाढवून वाफ १२१ अंशाला नेतात आणि निदान १५ मिनिटं तिथेच धरतात (तत्त्व प्रेशर कुकरचंच). उपकरणं गुंडाळलेल्या पॅकवर लावतात त्या इंडिकेटर टेपला काळे पट्टे आले की झालं असं बरेच जण समजतात, पण तो पट्टा बाहेरून उष्णता लागली एवढंच सांगतो.

सॅनिटायझरच्या बाटलीवर ९९.९% लिहिलेलं असतं ना, म्हणजे १० लाख जंतूंतले १००० उरलेच की!

- शरीरात जाणारं काही, म्हणजे सुया, सर्जरीची अवजारं: स्टराइलच हवं
- चॉपिंग बोर्ड, ताटं, ग्लास: सॅनिटाइझ पुरतं

फक्त एक, दोन्हीच्या आधी घासून धुवायलाच लागतं, कारण तेलकट किंवा चिकट थर राहिला तर सॅनिटाइझ करायला वापरलेलं क्लोरीन त्या घाणीवरच खर्च होतं आणि खालचे जंतू मजेत राहतात.