बसमधला माइक, बसच्याच रेडिओवर

प्रश्न (रामबाग, इंदूर) : आमचं मंडळ दरवर्षी ओंकारेश्वर-महेश्वरला बस काढतं. पुढे बसून सांगितलेलं मागच्या बाकांवर ऐकू जात नाही. बसच्या एफएम रेडिओवर लागेल असा छोटा माइक घरी करता येईल का?

उत्तर : येईल. पण वायरलेस संचाला परवाना हवा हा नियम आपल्याकडे १९३३ पासून आहे आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही तो आहे. म्हणून भाग जमवण्याआधीच दूरसंचार विभागाकडे विचारून घ्या. बस ठरलेलीच असेल, तर शील्डेड वायरचा माइक आणि छोटा प्रीअँप्लिफायर रेडिओच्या ऑक्स खाचेत लावणं केव्हाही बरं.

सगळे भाग जेल रोडवर मिळतील. बीसी ५४७ ट्रान्झिस्टर (त्याचे तीन पाय म्हणजे कलेक्टर, बेस, एमिटर), इलेक्ट्रेट माइक, पुरवठा ५ व्होल्ट. माइकच्या धन टोकाला ४.७ किलोओहममधून पुरवठा द्या आणि त्याच टोकावरून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (वर १०४ छापलेला) बेसला जोडा. बेसवरून १० किलोओहमचे दोन रेझिस्टर, एक पुरवठ्याला, एक ग्राउंडला. बेस ते ग्राउंड १ नॅनोफॅरड, म्हणजे १०२. इथे चुकून १०४ लावला की आवाज गोधडीतून आल्यासारखा दबका येतो, कारण तो कपॅसिटर वरचे सूर ग्राउंडला घालवतो. एमिटर ते ग्राउंड ४७० ओहम. कलेक्टर ते एमिटर ४.७ पिकोफॅरड. हा विसरलात तर बहुधा ट्रान्समीटर चालूच होणार नाही.

कलेक्टर ते पुरवठा कॉइल, तिला समांतर ४० पिकोफॅरडचा ट्रिमर, म्हणजे पेच फिरवून कमीजास्त करता येणारा कपॅसिटर. कॉइलच्या पुरवठ्याकडच्या टोकाला ग्राउंडशी आणखी एक १०४, पाय अगदी आखूड कापून. कॉइलसाठी ५ मिलिमीटरच्या ड्रिल बिटवर २२ गेजच्या एनॅमल तारेचे ५ वेढे घ्या, ७ मिलिमीटर लांबीत पसरवा, टोकांचं एनॅमल ब्लेडने खरवडा. हे सुमारे ०.०८ मायक्रोहेन्री होतं. ट्रिमर आणि आजूबाजूची मिळून कपॅसिटन्स ३० पिकोफॅरड झाली की १०० मेगाहर्ट्झच्या आसपास लागतं. ४७० ओहमवर मीटर लावला तर पावणेदोन व्होल्टच्या आसपास दिसेल. आता कॉइलला बोट लावा. आकडा हलला तर ट्रान्समीटर चालू आहे. अँटेना लावू नका, प्लॅस्टिकच्या डबीत बसवा. बसपुरतं कॉइलमधूनच जातं, आणि पल्ला वाढवायचा मोह इथेच आवरायला हवा.

प्रश्न (लोकमान्यनगर, इंदूर) : जुन्या रेडिओवर माझा माइक ८९.६ वर लागतो, पण आवाज दुबळा आहे. शिवाय डबीजवळ हात नेला की सरकतो.

उत्तर : पहिली गोष्ट गंभीर आहे, आजच तपासा. जुन्या पद्धतीच्या रेडिओची आतली मध्यम वारंवारता (आयएफ, जिच्यावर रेडिओ प्रत्येक स्टेशन उतरवून घेतो) १०.७ मेगाहर्ट्झ असते. त्यामुळे जवळचा जोरदार ट्रान्समीटर डायलवरच्या आकड्यापेक्षा तिच्या दुपटीने, म्हणजे २१.४ मेगाहर्ट्झने जास्त असला, तरी त्याची सावली डायलवर उमटते. तुमचा माइक ८९.६ वर लागतो, पण तो खरा १११ वर असू शकतो. १०८ च्या वर विमानांच्या दिशादर्शनाचा पट्टा लागतो आणि आपल्या शहरात विमानतळ आहे. ट्रिमर हळूहळू घट्ट करा. सावली ८८ कडे सरकत डायलवरून निघून गेली आणि १०८ च्या टोकाकडून दुसरा, जोरकस आवाज खाली आला, तर तोच खरा. त्याला ९० ते १०५ मध्ये एखाद्या मोकळ्या जागी आणा. ९४.३ आणि ९८.३ वर इथली स्टेशनं आहेत, त्यांच्यापासून दूर राहा. ट्रिमर पूर्ण घट्ट होऊनही १०८ च्या खाली येत नसेल, तर एक वेढा वाढवा. तुमचा ट्रिमर २२ पिकोफॅरडचा असेल तर हे होऊ शकतं.

हात नेल्यावर सरकणं साहजिक आहे, कारण हाताची कपॅसिटन्स कॉइलला मिळते. डबी बोटांनी नव्हे, लांब दांड्याने धरा आणि ट्रिमर प्लॅस्टिकच्या घासलेल्या काडीने फिरवा. पोलादी पेचकस दूर केला की जमवलेलं पुन्हा पळतं. जमलं की कॉइलवर मेणबत्तीचं मेण ओता. खड्ड्यात वेढे थरथरले की आवाजही थरथरतो.

प्रश्न (सुदामानगर, इंदूर) : सेलवर माझा माइक ठीक चालतो, बसच्या पुरवठ्यावर शिट्टी येते. वर कर्कश घुमूही लागतो.

उत्तर : वेग वाढवल्यावर शिट्टी चढत असेल तर ती आल्टरनेटरची. सेलवर ती नाही, म्हणजे पुरवठ्यातूनच येते. मालिकेत १०० ओहम, मग ग्राउंडला ४७० मायक्रोफॅरड, मग ७८०५ (५ व्होल्ट स्थिर देणारा रेग्युलेटर). ७८०५ धरून माइक जेमतेम १० मिलिअँपिअर घेतो, म्हणून १०० ओहमवर फक्त १ व्होल्ट जातो. मोठ्या बसमध्ये बहुधा २४ व्होल्टची बॅटरी असते आणि इंजिन चालू असताना २८ च्या आसपास मिळतात, म्हणून कपॅसिटर ५० व्होल्टचा घ्या आणि ३० व्होल्टची मर्यादा असलेला ७८एल०५ टाळा. तरी खरं सांगायचं तर ३ पेन्सिल सेल बरे. ७८०५ लागत नाही आणि ट्रान्समीटरला ५ मिलिअँपिअरही लागत नाहीत.

घुमणं म्हणजे बसच्या स्पीकरचा आवाज माइकमध्ये परतणं. माइक तोंडापासून ४ सेंटिमीटरवर धरा आणि पुढचे स्पीकर बंद करा. तरीही घुमला तर ४.७ किलोओहमच्या जागी २.२ घाला. त्याने माइकचा जोर दोन तृतीयांशाच्या आसपास येतो.