'मुक्ता' नावाचा अर्थ आणि या नावाच्या बायका

तुम्ही विचारलंय की मुलीचं नाव मुक्ता ठेवायचं मनात आहे, अर्थ काय आणि या नावाचं कोण होऊन गेलं. घरचे म्हणतात नाव जुनं वाटतं. माझ्या आजीचं नाव मुक्ता, म्हणून लगेच लिहायला बसले.

संस्कृतात मुक्ता म्हणजे मोती. शिंपल्यातून सुटलेला, म्हणून मुक्ता. शिवाय 'मुक्त'चं स्त्रीलिंगी रूपही तेच : मोकळी, बंधनातून सुटलेली. आजी सणावाराला नथ काढायची, मोती मऊ फडक्याने पुसायची आणि मला दाखवायची, "हे बघ, हे माझं नाव."

पहिली आठवते ती अर्थात मुक्ताबाई. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि ही धाकटी. जन्म 1279चा, म्हणजे ज्ञानदेवांहून चार वर्षांनी लहान. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेव झोपडीची ताटी, म्हणजे कुडाचं दार, लावून आत बसले. बाहेर ही चिमुरडी उभी. ती रडत नाही, दादाला समजावते : 'विश्व रागें झालें वन्हि, संतीं सुखें व्हावें पाणी', आणि पुन्हा पुन्हा, 'ताटी उघडा ज्ञानेश्वरा'. जग रागाने आग झालं तर संताने पाणी व्हावं, असं धाकट्या बहिणीने थोरल्याला सांगायचं! मला मराठीत याहून मायेचं रागावणं माहीत नाही. चांगदेवांसारख्या वयोवृद्ध योग्याने तिला गुरू मानलं. 1297 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, तापीकाठी ती गेली. जळगाव जिल्ह्यातलं एदलाबाद आज तिच्याच नावाने मुक्ताईनगर आहे, आणि तिथून दर आषाढीला तिची पालखी पंढरपूरला निघते. खानदेशात तिला नुसतं 'आई मुक्ताई' म्हणतात.

दुसरी मुक्ता साळवे. पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली मुलगी. 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. पेशवाईत आपल्या माणसांनी काय सोसलं ते तिने नाव घेऊन, न घाबरता लिहिलंय. शाळकरी मुलीचं ते लिखाण आहे हे वाचताना विसरायला होतं. तुमची लेक मोठी झाली की तिला तो निबंध नक्की वाचायला द्या.

आजच्या काळातली मुक्ता बर्वे तर तुमच्या घरच्यांनाही माहीत असेल, 'जोगवा', 'मुंबई-पुणे-मुंबई'. मग नाव जुनं कसं?

एक मात्र आधीच सांगते. 'मुक्ताफळं उधळणे' म्हणजे वाट्टेल ते बोलणे, त्यामुळे शाळेत कुणीतरी चिडवणारच. आजीलाही चिडवायचे. ती म्हणायची, मुक्ताफळ म्हणजे मोतीच की रे, वेचून घे.

माझ्या बारशाला पाळण्याशी बसून तिने ताटीचे अभंग म्हटले होते, असं आई सांगते. तुम्हीही म्हणा. नाव कानात सांगून झालं की लगेच.