इंदूरजवळच्या रोपवनातला पालापाचोळा आणि पडलेली लाकडे उचलावीत का?
नाही, पाला आणि मोडून पडलेले ओंडके जागच्या जागी राहू द्यावेत, कारण वाणी, गोम, गोगलगायी आणि कित्येक भुंगेऱ्यांच्या अळ्या मृगाच्या सरींपर्यंत याच कुजणाऱ्या थरात तग धरतात. माळव्यात मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे गेला, तरी सावलीतला मांडीएवढा जाड ओंडका उलटून पाहिल्यास खालची काळी माती बहुधा दमट लागते. बोटभर जाडीच्या काटक्या तोवर कडकडीत वाळलेल्या असतात, म्हणून ओंडक्यांचे तुकडे करू नयेत. नुसता साग लावला असेल, तर पळस, मोह, धावडा यांचीही भर घालावी. मात्र वणव्याच्या भीतीने कडेची जाळरेषा, म्हणजे आग आत शिरू नये म्हणून मोकळी ठेवलेली पट्टी, फेब्रुवारीअखेर झाडून घ्यावीच. तिथला पाला (अनेकदा तो उगाच पेटवला जातो) आत पसरावा.